ताऱ्याला काडी कोण लावते?

आमच्या भागात शेतीपंपाची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे डिसेंबरात हरभऱ्याचे ओलीत करायचे म्हणजे रात्रभर धुऱ्यावर बसणे आले. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतातले हे बसणे थंडीचे आणि कंटाळ्याचे असते, मात्र आकाश पाहण्यासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही, कारण दूरवर एकही दिवा नसतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री शेजारच्या घरचा नववीतला मुलगा सोबतीला आला होता. आम्ही पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवली होती. त्यातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या भडभड जळत होत्या आणि दवाने भिजलेल्या काही नुसत्या धुमसत होत्या. मृग नक्षत्र डोक्यावर आले होते. मुलाने आधी शेकोटीकडे पाहिले, मग वर पाहिले आणि विचारले, "काका, एवढ्या ताऱ्यायले काडी कोन लावत असन?"

हा प्रश्न पोरकट वाटतो, पण शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही त्याचे धड उत्तर देता येत नव्हते. सूर्य कोळशाचा असता आणि आपल्या चुलीसारखा जळत असता, तर आजच्या तेजाने तो जेमतेम पाच-सहा हजार वर्षे पुरला असता. पृथ्वीवरचे खडक मात्र कोट्यवधी वर्षांचे आहेत. तेव्हा सूर्यात जे चालते ते जळणे नव्हे, हे कळायला वेळ लागला नाही; ते नेमके काय आहे हे कळायला मात्र १९३० चे दशक संपत आले. त्या रात्री मी मुलाला एवढेच सांगितले की ताऱ्याला काडी लागत नाही, तो स्वतःच्या वजनाने तापतो. त्यावर त्याने लगेच दुसरा प्रश्न विचारला: मग वजन कमी पडले तर? खरी गोष्ट तिथेच सुरू होते, कारण वजन कमी पडलेले, धड न पेटलेले असे गोल आकाशात भरपूर आहेत. त्यांना तपकिरी बटू म्हणतात.

मृगाच्या मध्यभागी एका ओळीत तीन तारे आहेत, तो त्रिकांड बाण. त्याच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक छोटी रांग लोंबते. विदर्भातल्या गोंड समाजाच्या आकाशात या दोन्ही रांगा मिळून नांगर होतो, आणि शेतात बसून पाहणाऱ्याला ते जास्त पटते. लोंबत्या रांगेतला मधला ठिपका टक लावून पाहिला, तर तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार दिसत नाही, धुरकट दिसतो. साधी दुर्बीण लावली की तो धूर आणखी पसरतो. हा मृगातला मोठा तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर. आज डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश बदामीचे चालुक्य राज्य करत होते त्या काळात निघालेला आहे. (मृग लागला म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण पेरणीची घाई करतो, तेव्हा सूर्य याच नक्षत्रात असतो, म्हणून त्या दिवसांत ते रात्री दिसत नाही. शेतकऱ्याला मृगाचे नाव उन्हाळ्याच्या शेवटी आठवते आणि चेहरा हिवाळ्यात दिसतो.)

त्या तेजोमेघात आणि त्याच्या मागे पसरलेल्या थंड, काळोख्या ढगात आजही तारे तयार होत आहेत. या ढगांत मुख्यतः हायड्रोजन असतो, त्याखालोखाल हेलियम, आणि वजनाच्या मानाने शंभरातला एखादा भाग धूळ. ढग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पावसाचे काळे आभाळ येते, पण तारे जन्मणारा ढग कमालीचा विरळ असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घनसेंटीमीटरमध्ये २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात, तर या ढगात तेवढ्याच जागेत काही शे किंवा काही हजार. तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. इतक्या विरळ आणि गोठलेल्या गोष्टीतून सूर्यासारखा गोळा होतो, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही.

होते ते ढगाच्या आकारमानामुळे. तो कित्येक प्रकाशवर्षे पसरलेला असतो आणि त्यात हजारो सूर्यांना पुरेल एवढे द्रव्य असते. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणाला ओढतो, म्हणून ढगाचा कल आत कोसळण्याकडे असतो. उलट वायूचे कण इकडेतिकडे धावत असल्यामुळे ढगाला पसरावेसे वाटते. थंडी इथे कामाची ठरते, कारण कण जितके थंड तितके ते मंद, आणि जितके मंद तितका त्यांचा बाहेर रेटणारा दाब कमी. ठरावीक तापमानाच्या आणि घनतेच्या ढगात किती द्रव्य साचले की ओढ दाबावर मात करते, याचा हिशेब जेम्स जीन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडला. प्रत्यक्षात ढगातली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र या हिशेबात अडथळे आणतात, शेजारी एखादा मोठा तारा फुटला तर त्याच्या धक्क्याने काम लवकरही होते. पण मूळ तराजू जीन्सचाच.

ढगाचा एखादा तुकडा एकदा कोसळू लागला की सुरुवातीला तो तापत नाही. दाबले गेल्याने जी उष्णता निर्माण होते, ती धुळीच्या कणांवाटे अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर निसटते, म्हणून तुकडा थंडच राहतो आणि थंड राहिल्यामुळे आणखी लहान तुकड्यांत फुटतो. ढगातून एकटा तारा क्वचित जन्मतो, ताऱ्यांचा घोळका जन्मतो, त्याचे कारण हेच. पुढे मधला भाग इतका दाट होतो की उष्णतेला वाट मिळत नाही. विटांच्या भट्टीला बाहेरून माती लिंपली की आत आच कोंडते, तसे इथे होते. तापमान सुमारे दोन हजार अंशांपर्यंत चढले की हायड्रोजनचे रेणू तुटून सुटे अणू होतात, या तुटण्यात उष्णता खर्च होते, दाब अपुरा पडतो आणि मधला भाग पुन्हा एकदा कोसळतो. त्यानंतर उरतो तो आदितारा. मूळ तुकडा अगदी हळू का होईना फिरत असतो. आकुंचनाबरोबर त्याचा वेग वाढतो, म्हणून सगळे द्रव्य सरळ मध्ये न पडता भोवती चकती तयार होते. आपली पृथ्वी अशाच एका चकतीच्या उरलेल्या मालातून झाली.

आता जरा थांबावे लागेल, कारण इथे एक विचित्र गोष्ट घडते आणि बहुतेक पुस्तके ती एका ओळीत उरकतात. आदितारा पेटलेला नसतो, तरी तो चमकतो. हे तेज कुठून येते? ते आकुंचनातून येते. वरून पडणारा दगड जमिनीवर आदळला की थोडी उष्णता निर्माण होते. इथे सगळा गोळाच क्षणोक्षणी स्वतःच्या मध्याकडे पडत असतो. या पडण्यातून जी ऊर्जा सुटते तिचा अर्धा भाग प्रकाश होऊन बाहेर जातो आणि अर्धा गोळ्याच्या आत उष्णता होऊन राहतो. म्हणजे आदितारा जितकी ऊर्जा बाहेर टाकतो तितका तो आक्रसतो, आणि जितका आक्रसतो तितका आतून जास्त तापतो. चहाचा कप उष्णता गमावून थंड होतो, हा मात्र उष्णता गमावून तापतो. मला यासाठी शेत विकून घर चालवणाऱ्या माणसाचे उदाहरण द्यावेसे वाटते. दर वर्षी एक एकर विकायचे, आलेल्या पैशातले निम्मे बाजारात उडवायचे आणि निम्मे पेटीत ठेवायचे. पेटी भरत जाते, शेत मात्र आटत जाते. आदिताऱ्याचे शेत म्हणजे त्याचा आकार.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन यांना वाटत होते की सूर्य आजही असेच शेत विकून जगतो आहे. त्यांच्या हिशेबाने सूर्याचे वय दोन-तीन कोटी वर्षांच्या पलीकडे जात नव्हते. भूगर्भशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हते, कारण खडकांचे थर त्याहून फार जुने होते. खडक बरोबर निघाले. आकुंचनाचा हिशेबही चुकीचा नव्हता, तो सूर्याच्या बालपणाला लागू होता. सूर्याएवढ्या आदिताऱ्याला या पद्धतीने आक्रसत आक्रसत पूर्ण तारा व्हायला चार-पाच कोटी वर्षे लागतात.

त्यानंतर जे होते त्याला आपण पेटणे म्हणतो. गाभ्यातले हायड्रोजनचे अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, उरलेले प्रोटॉन मोकळे धावत असतात. दोन्हींवर धन भार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. ते पुरेसे जवळ आले तर चिकटतात, यालाच संमीलन म्हणतात, आणि अशा चिकटण्याच्या साखळीतून शेवटी चार हायड्रोजनचा एक हेलियम होतो. या हेलियमचे वस्तुमान मूळ चौघांच्या बेरजेपेक्षा सुमारे ०.७ टक्क्याने कमी भरते, तेवढे वस्तुमान ऊर्जा बनलेले असते. साध्या हिशेबाने पाहिले तर सूर्याच्या गाभ्यातले दीड कोटी अंश तापमानसुद्धा दोन प्रोटॉनना जवळ आणायला अपुरे आहे. पण अतिसूक्ष्म कणांना भिंत ओलांडण्याइतकी ताकद नसतानाही कधीकधी भिंतीपलीकडे सापडण्याची सवय असते, हे जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये दाखवले, आणि त्या आधारावर हान्स बेथे यांनी १९३८-३९ मध्ये ताऱ्यांच्या ऊर्जेचे गणित जुळवले.

"कधीकधी" हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. सूर्याच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी काही अब्ज वर्षे लागतात. त्यामुळे गाभ्यातला एक घनमीटर भाग जेमतेम २८० वॅटच्या आसपास ऊर्जा देतो, म्हणजे तीन जुन्या पिवळ्या बल्बांइतकी. आमच्या गोठ्यामागच्या उकंड्यात हिवाळ्याच्या सकाळी फावडे घातले की वाफ निघते. चांगल्या कुजणाऱ्या खताचा ढीग आणि सूर्याचा गाभा, घनमीटरमागे दोघांची ऊर्जा एकाच पंगतीत बसते. सूर्य प्रखर आहे तो आत भडका उडाला आहे म्हणून नव्हे, तो उकंडा प्रचंड मोठा आहे म्हणून. दर सेकंदाला त्यात सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते, तरी एवढ्या मोठ्या साठ्याला ते जाणवत नाही.

ही ऊर्जा आतून मिळू लागली की शेत विकण्याची गरज संपते. पृष्ठभागावरून जेवढी ऊर्जा निघून जाते तेवढी गाभ्यात तयार होते आणि आकुंचन थांबते. गाभा थोडा जास्त तापला तर तारा किंचित फुगतो, फुगल्याने गाभा थंडावतो आणि संमीलन मंदावते. कमी तापला तर उलट होते. या समतोलात जो गोळा पोहोचला तो तारा. आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इतके की काडी लावण्याचा असा क्षणच नसतो. तापमान वाढत जाते, संमीलन हळूहळू वाढत जाते आणि एक दिवस जमा-खर्च जुळतो.

काही गोळ्यांचा जमा-खर्च मात्र कधीच जुळत नाही. मुलाने त्या रात्री धुमसणाऱ्या काडीकडे बोट दाखवून म्हटले होते, "म्हंजे हे वल्ली पऱ्हाटी." उदाहरण झकास आहे, पण ते चूक आहे, आणि का चूक आहे हे पाहिले की विषय उलगडतो. ओली पऱ्हाटी पेटत नाही कारण तिच्यात पाणी आहे. तिच्या जळणातच खोट आहे. तपकिरी बटूच्या जळणात काही खोट नसते. तो त्याच ढगातून आलेला असतो, त्याच्यात तोच हायड्रोजन जवळपास त्याच प्रमाणात असतो. कमी असते ते फक्त एकूण वस्तुमान. पण मग असे विचारता येईल की वस्तुमान कमी असले तरी तो गोळाही शेत विकतच आहे, आक्रसतच आहे, तापतच आहे. सूर्याला पाच कोटी वर्षे लागली तर याला पन्नास कोटी लागोत, आज ना उद्या तो पुरेसा तापेलच. का तापत नाही?

कारण त्याचे आकुंचन मध्येच अडते. त्याला अडवणारी गोष्ट उष्णता नाही, ती इलेक्ट्रॉनची गर्दी आहे.

यवतमाळच्या आसपास ज्याने जिनिंग-प्रेसिंग पाहिले आहे त्याला हे समजायला सोपे जाईल. सरकी काढलेली रुई प्रेसच्या पेटीत भरतात तेव्हा ती ढगासारखी भुसभुशीत असते आणि पहिला दाब पडताच मुकाट्याने खाली बसते. थोड्या वेळाने तंतूला तंतू भिडतो, मग प्रेस कण्हू लागते, आणि शेवटी १७० किलोची गाठ तयार होते ती लाकडाच्या ओंडक्यासारखी टणक लागते. आता याच्या शेजारी ट्रॅक्टरचे चाक ठेवा. चाकातली हवा जानेवारीच्या पहाटे थंड झाली की चाक मऊ पडते, दुपारी उन्हात तापले की टणक होते, म्हणजे हवेचा दाब तिच्या उष्णतेवर अवलंबून असतो. रुईच्या गाठीला पहाट आणि दुपार सारखीच. ती टणक आहे ती गर्दीमुळे, उष्णतेमुळे नव्हे. नेहमीच्या ताऱ्याला चाकासारखा दाब सावरून धरतो. तपकिरी बटूला शेवटी गाठीसारखा दाब सावरतो.

रुईत तंतू एकमेकांना भिडतात. बटूच्या गाभ्यात नेमके काय भिडते, ते थोडे वेगळे आहे. दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच स्थितीत राहू शकत नाहीत, हा नियम वुल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडला. कमी जागेत पुष्कळ इलेक्ट्रॉन कोंबले की संथ गतीच्या सगळ्या जागा भरून जातात आणि पुढच्यांना नाइलाजाने वेगवान जागा घ्याव्या लागतात. ते वेगाने धावतात ते तापलेले असतात म्हणून नव्हे, संथ जागा शिल्लक नसतात म्हणून. या धावण्यातून जो दाब निर्माण होतो त्याला भौतिकशास्त्रात डिजनरसी प्रेशर म्हणतात. आपण त्याला गर्दीचा दाब म्हणू. उष्णता निघून गेली तरी तो कमी होत नाही.

आता आपला हलका गोळा पुन्हा पाहू. तो आक्रसतो, तापतो, आक्रसतो, तापतो. आणि गाभा संमीलनाच्या तापमानापर्यंत पोहोचण्याआधीच गर्दीचा दाब त्याचे वजन पेलून धरतो. आकुंचन थांबले, म्हणजे विकायला शेत उरले नाही. पेटीत पडणारी भर थांबली, पण पृष्ठभागावरून होणारा खर्च चालूच आहे. त्यामुळे एका कमाल तापमानाला पोहोचून गाभा उलट थंड होऊ लागतो. जड गोळ्यात असे होत नाही, कारण त्याचा गाभा एवढी गर्दी होण्याच्या आधीच पुरेसा तापलेला असतो; तिथे संमीलन शर्यत जिंकते. हलक्या गोळ्यात गर्दी जिंकते. अर्धवट पेटलेल्या ताऱ्यांबद्दल जे सांगायचे ते सगळे या शर्यतीत आले, बाकीचा तपशील आहे.

तपशीलही चांगला आहे. शर्यतीची रेषा सूर्याच्या वस्तुमानाच्या साडेसात-आठ टक्क्यांच्या आसपास पडते. सूर्य म्हणजे सुमारे १०५० गुरू ग्रह, तेव्हा ही रेषा साधारण ८० गुरूंइतकी. रेषेच्या थोडा वरचा, समजा ८५ गुरूंचा गोळा, हा लाल बटू तारा होतो, गाभ्यात साधारण तीस-चाळीस लाख अंशांवर अगदी मंद आचेने हायड्रोजन वापरतो आणि काही लाख कोटी वर्षे जगतो, म्हणजे विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शेकडो पट. रेषेच्या थोडा खालचा, ७० गुरूंचा गोळा, काही काळ थोडेसे हायड्रोजन संमीलन करतोही, पण खर्चाला ते पुरत नाही आणि तो निवत जातो. दोघे तरुण असताना शेजारी ठेवले तर दुर्बिणीतून कोणता कोण हे सांगणे कठीण, दोघेही तांबूस आणि मंद. एक अमर झाल्यासारखा आणि एक निवणारा, आणि फरक किती, तर पंधरा गुरूंचा.

हायड्रोजन साधला नाही तरी बहुतेक तपकिरी बटूंना एक छोटी मदत मिळते. हायड्रोजनचाच एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. तो सुमारे दहा लाख अंशांच्या आत-बाहेर जुळायला तयार असतो, आणि १३ गुरूंच्या वरच्या गोळ्याचा गाभा तेवढा तापतो. अडचण अशी की निसर्गात लाख हायड्रोजनमागे हा जेमतेम दोन असतो. आम्ही शेकोटीला आधी वाळलेला पालापाचोळा लावतो, तो भुर्रकन जळतो आणि लाकूड पेटायच्या आत संपला तर शेकोटी बसते. ड्युटेरियमची गत तीच. ते संपले की पुन्हा आकुंचन आणि पुन्हा गर्दी.

गर्दीच्या दाबाचा आणखी एक परिणाम मला फार मजेशीर वाटतो. १५ गुरूंचा बटू आणि ७० गुरूंचा बटू आकाराने जवळपास सारखेच असतात, दोघांचा व्यास गुरूएवढाच, दीड लाख किलोमीटरच्या आतबाहेर. माल पाच पट घातला तरी गोळा मोठा होत नाही, तो फक्त जास्त घट्ट होतो.

हे सगळे कागदावर १९६० च्या दशकातच मांडले गेले होते. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले शिव कुमार यांनी १९६२-६३ मध्ये दाखवले की ठरावीक वस्तुमानाखालचे गोळे कधीच पूर्ण तारे होणार नाहीत. त्यांनी त्यांना काळे बटू म्हटले होते. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो यांनी १९६३ मध्ये तीच वाट चोखाळली. काळा बटू हे नाव निवून गेलेल्या श्वेत बटूंसाठीही, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांसाठीही, वापरले जाऊ लागल्याने घोटाळा व्हायचा, म्हणून १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी तपकिरी बटू हे नाव सुचवले. प्रत्यक्षात हे गोळे तपकिरी दिसत नाहीत. डोळ्याला दिसलेच तर गडद तांबडे किंवा जांभळट दिसतील. पण काळा आणि लाल ही दोन्ही नावे आधीच घेतलेली होती.

नाव मिळाले, तरी वीस वर्षे वस्तू सापडेना. लहान, थंड आणि निवत जाणारी वस्तू शोधायची कशी? एक युक्ती अशी की ती तरुण आणि ऊबदार असतानाच गाठायची. मृगाच्या जरा पुढे आकाशात कृत्तिकांचा झुबका दिसतो, ज्यातले सहा-सात तारे गावातला प्रत्येक म्हातारा मोजून दाखवतो. हा ताऱ्यांचा समूह साधारण बारा-तेरा कोटी वर्षांचा, म्हणजे पोरसवदा. स्पेनच्या शास्त्रज्ञांनी तिथेच शोध घेतला आणि १९९५ मध्ये टेइडे १ हा बटू जाहीर केला. तो बटूच आहे, मंद तारा नाही, हे ठरवायला त्यांनी लिथियमची कसोटी लावली. सुमारे पंचवीस लाख अंशांवर लिथियम नष्ट होते, आणि लहान ताऱ्यांतला वायू वरखाली घुसळला जात असल्यामुळे खऱ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरूनही ते काही काळाने नाहीसे होते. साठ-पासष्ट गुरूंच्या खालच्या बटूचा गाभा तेवढा कधीच तापत नाही, म्हणून त्याच्या प्रकाशात लिथियमची खूण टिकून राहते.

त्याच वर्षी दुसरा बटू सापडला आणि तो जास्त गाजला. मृगाच्या पायाखाली शशक नावाचे छोटे नक्षत्र आहे. त्यात १९ प्रकाशवर्षांवर ग्लीझ २२९ हा लाल बटू तारा आहे, डोळ्याला न दिसणारा. त्याच्या शेजारी, त्याच्या झगमगाटात लपलेला एक अतिमंद सोबती कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीतून मिळाला. ज्या गटाने तो शोधला त्यात श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. सोबत्याचा प्रकाश तपासल्यावर त्यात मिथेन सापडला. गोबरगॅसमध्ये आपण जाळतो तोच वायू. ताऱ्याच्या वातावरणात मिथेनचा रेणू टिकणे शक्य नाही, तिथल्या उष्णतेत तो तुटून जातो. म्हणजे या गोळ्याचा पृष्ठभाग हजार अंशांहूनही थंड होता, आणि कोणताही खरा तारा इतका थंड नसतो. वादाला जागा उरली नाही.

वाद मात्र पुढे वेगळ्याच कारणाने झाला. सोबत्याच्या ओढीवरून त्याचे वस्तुमान ७० गुरूंच्या आसपास भरत होते आणि एवढ्या वजनाच्या मानाने तो फारच मंद होता. कुमारांपासून चालत आलेले गणित कुठेतरी चुकते आहे की काय, अशी शंका आली. २०२४ मध्ये मोठ्या दुर्बिणींनी निकाल दिला: तो एक गोळा नाही, दोन आहेत. एक ३८ गुरूंचा आणि एक ३४ गुरूंचा, एकमेकांच्या इतके जवळ की १२ दिवसांत एक फेरी होते. गणित बरोबर होते, मोजणी चुकली होती.

आता असे हजारो बटू माहीत आहेत. निवत जाताना त्यांचे रूप बदलते. दीड-दोन हजार अंशांवर त्यांच्या वातावरणात वाळूच्या आणि लोखंडाच्या बारीक कणांचे ढग असतात, पुढे ते ढग खाली बसतात आणि मिथेन दिसू लागतो, आणखी निवल्यावर अमोनिया. २०१३ मध्ये केव्हिन लुमान यांनी अवघ्या साडेसहा प्रकाशवर्षांवर अशा दोन बटूंची जोडी शोधली. सूर्याला त्याहून जवळच्या ताऱ्यांच्या व्यवस्था फक्त दोन आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी सात-साडेसात प्रकाशवर्षांवरचा आणखी एक गोळा जाहीर केला, ज्याचे तापमान पाणी गोठते त्याच्या आसपास आहे. ढगातून जन्मलेली वस्तू, आणि आमच्या धुऱ्यावरच्या शेकोटीची राखसुद्धा तिच्यापेक्षा गरम.

या शेवटच्या गोळ्याचे वस्तुमान तीन ते दहा गुरूंच्या दरम्यान धरतात, म्हणजे ड्युटेरियमसुद्धा त्याला साधले नसणार. मग त्याला बटू म्हणायचे की एकटा भटकणारा ग्रह? काही जण १३ गुरूंची रेषा मानतात: वर बटू, खाली ग्रह. काही जण जन्म पाहतात: ढग कोसळून झाला तर बटू, ताऱ्याभोवतीच्या चकतीत वाढला तर ग्रह. मला दुसरी पद्धत पटते, कारण जात वजनकाट्यावर ठरवण्यापेक्षा घरावरून ठरवणे जास्त प्रामाणिक वाटते. अडचण एवढीच की एकट्या सापडलेल्या गोळ्याचे घर कोणते, हे तो सांगत नाही. ढगाचे तुकडे काही गुरूंएवढ्या वजनापर्यंत बारीक होऊ शकतात, आणि घोळक्यातल्या मोठ्या भावंडांच्या धक्काबुक्कीत एखादा पोट भरायच्या आत बाहेर फेकलाही जातो, असे दोन्ही मार्ग संभवतात.

पहाटे पाचच्या सुमारास लाईन गेली. मृग पश्चिमेला कलला होता. मुलाने शशक कुठे आहे ते विचारले, मी व्याधाच्या उजव्या हाताला, क्षितिजाजवळ बोट दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, तिथं तं काईच नाई." ग्लीझ २२९ तिथेच होता, त्याचे दोन बटूही तिथेच होते. आम्ही शेकोटीवर दांडातले पाणी ओतले आणि गावाकडे निघालो.